भीतीची हजेरी

सकाळी पावणेसहाला, डोळ्यांवरची झोप अजून पुरती उतरलेली नसताना, कुणी तुम्हाला समोर उभं करून विचारलं की, ‘बोल, आज कशाची भीती वाटते?’ तर तुम्ही काय सांगाल? मी पहिल्या दिवशी ताठ मानेनं सांगितलं, “कशाचीच नाही, सर.” नव्या नोकरीत असंच बोलायचं असतं अशी माझी समजूत होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोपऱ्यातल्या रिकाम्या कॅनच्या ढिगाकडे बोट केलं आणि म्हणाले, “मग ते कॅन धुऊन काढ. आज पेशंटजवळ फिरकायचं नाही.”

बावीस कॅन होते. औषधाचा शिरक्यासारखा वास मारणारे ते कॅन मी नाक मुरडत धुतले, आणि धुताना मनातल्या मनात सरांना जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सर आमच्या डायलिसिस सेंटरचे इन्चार्ज होते. भोसरीहून मोशीकडे जाताना एका फर्निचरच्या दुकानाच्या वर हे सेंटर होतं. आठ खुर्च्या, आठ मशिनं आणि मागच्या बाजूला पाणी शुद्ध करायची खोली, एवढाच पसारा. किडनी निकामी झालेली माणसं आठवड्यातून तीनदा यायची आणि चार-चार तास बसायची. हातात दोन सुया असायच्या. एकीतून रक्त बाहेर यायचं, मशिनवर उभ्या लावलेल्या फिल्टरमधून साफ व्हायचं आणि दुसरीतून परत अंगात जायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्या चार तासांत काय काय बिघडू शकतं याची यादी सरांना तोंडपाठ होती, आणि आम्हालाही ती पाठ व्हावी म्हणून ते रोज सकाळी आमच्या भीतीची हजेरी घ्यायचे.

आमच्या आईला मला नर्स करायचं होतं. बारावीच्या मार्कांनी घोळ घातला आणि नर्सिंगची डिग्री राहिली. बाबांच्या कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं की आकुर्डीला डायलिसिस टेक्निशियनचा डिप्लोमा असतो, लगेच नोकरी लागते. लागलीही. पण आईनं विहारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आमची पोरगी सिस्टर झाली. पेशंटही मला सिस्टरच म्हणायचे, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. सरांना मात्र ते अजिबात चालायचं नाही. कुणी “ओ सिस्टर” म्हणून हाक मारली की सर हॉलच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायचे, “सिस्टर नाही. टेक्निशियन!” नर्सबाईंचा अपमान नको आणि आपलाही नको, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी तोंड पाडून बसले होते तेव्हा जवळ येऊन म्हणाले, “त्यांच्याकडे डिग्री आहे. आपल्याकडे भीती आहे. ती सांभाळ.”

ते स्वतः आयटीआय फिटर. ऐन जवानीत एका कंपनीत पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करायचे. एका हॉस्पिटलात पाण्याचा प्लांट बसवायला म्हणून गेले आणि तिथलं डायलिसिस मशिन बघून थांबले ते थांबलेच. पुढे शिकले, परीक्षा दिली, पण खोड फिटरचीच राहिली. पाण्याच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायचे. देव म्हणून नव्हे, फरशी कुठं ओली आहे ते तळव्याला कळावं म्हणून. पंपाला स्क्रूड्रायव्हर लावून त्याची मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. तेवढ्या वेळात तुम्ही त्यांना काहीही सांगा, त्यांच्या डोक्यात शिरायचं नाही.

त्यांची नोकरीची परीक्षाही न्यारी होती. मला मुलाखतीला बोलावलं आणि खुर्चीत बसवून डावा हात पट्टीनं बांधून ठेवला. “चार तास हा हात हलवायचा नाही,” म्हणाले आणि निघून गेले. ना सुई, ना मशिन. नुसतं बसायचं. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या नाकाला खाज सुटली, नंतर पाठ दुखायला लागली, मग लघवीला लागली. माणसं समोरून येत-जात होती, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळे मशिनकडे बघत होते. चौथ्या तासाला मला खरोखर रडू यायला लागलं. तेव्हा सर आले, पट्टी सोडली आणि विचारलं, “काय कळलं?” मी चिडून म्हटलं, “इथं माणसाकडे कुणी बघतच नाही.” ते म्हणाले, “सोमवारपासून ये.”

आमच्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी आणि लाइटही गुरुवारीच जाणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सेंटरला जनरेटर होता, मशिनांना बॅटरी होती. सरांचा दोन्हींवर विश्वास नव्हता. दर गुरुवारी लाइट गेली की ते आम्हाला मशिनचा पंप हातानं फिरवायला लावायचे आणि स्वतः मोठ्यानं आकडे मोजायचे. हाताचा वेग कमी पडला की “रक्त गोठलं! मेला पेशंट!” असं ओरडायचे, तेही त्या पेशंटच्या तोंडावर. नवीन पेशंट पांढरेफटक पडायचे. जुने हसायचे आणि सरांबरोबर आकडे म्हणायचे.

हिवाळ्यात तर रोजचं भांडण. पेशंटना थंडी वाजायची, पण सुई लावलेला हात पांघरुणाखाली घ्यायला सरांची सक्त मनाई होती. सुई निसटली तर पांघरुणाखाली रक्त वाहत राहतं, माणसाला कळतही नाही, शेजारच्यालाही कळत नाही. “थंडी वाजतीया ओ सर,” असं मांडेकर काका दर सकाळी म्हणायचे. सर म्हणायचे, “वाजू द्या. हात दिसला पाहिजे मला.”

हे मांडेकर काका चाकणच्या बाजूच्या एका गावातले. जमिनीत कारखाना उभा राहिला, मग त्याच कारखान्यात त्यांनी वीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर काढली. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं तिथंच राहिली होती. त्याच हातात आमच्या सुयांसाठी ऑपरेशन करून फुगवलेली शीर, तिला फिस्टुला म्हणतात. बोट ठेवलं की खाली मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. त्यांचा हात मी डोळे मिटून ओळखला असता, आणि पुढं जे झालं ते त्याच्यामुळंच झालं.

सरांचा एक नियम होता. सुई लावण्याआधी पेशंटनं स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव आणि गाव सांगायचं. मग ते नाव फिल्टरवर लिहिलेल्या नावाशी ताडून बघायचं. कारण एक फिल्टर एकाच माणसाचा. तो वापरून झाला की धुऊन, औषधात भिजवून त्याच माणसासाठी पुन्हा ठेवतात. दुसऱ्याचा लागला तर दुसऱ्याच्या रक्तातला रोग लागू शकतो. म्हणून तक्त्यावर दोघांच्या सह्या असायच्या. एक सुई लावणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. तपासणारे नेहमी सर. ते चष्मा कपाळावर चढवून, नाक फिल्टरला लागेल इतकं वाकून एकेक अक्षर वाचायचे आणि मगच सही करायचे. पेशंट चेष्टा करायचे. मांडेकर काका तर नाव सांगताना वाडवडील, मळा, विहीर, सगळं सांगून टाकायचे.

अडीच वर्षं मी हे रोज केलं. आणि अडीच वर्षांत सरांनी माझ्या तक्त्यावर न वाचता एकदाही सही केली नव्हती. मला त्याचा राग यायचा. एवढं काम शिकले, सगळ्यात अवघड हातांना मीच सुई लावायची, तरी या माणसाला माझा भरवसा नाही? वर त्यांची ती भीती माझ्या अंगाला चिकटली होती. घरी गॅस बंद केला की मी परत जाऊन बघायचे, मग तिसऱ्यांदा बघायचे. बाबा झोपले की त्यांचा श्वास चालू आहे ना ते पाहायचे. आई वैतागून म्हणाली, “काय लावून घेतलंस गं हे?” मी म्हटलं, “आमच्या सरांना विचार.” एकदा मी त्यांनाच विचारलं होतं, “सर, तुमच्या हातून कधी काही झालंय का? म्हणून एवढं घाबरता?” ते फरशीकडे बघत म्हणाले, “झालं असतं तर घाबरून झालं असतं माझं. अजून व्हायचंय, म्हणून भीती.”

ते झालं एका मंगळवारी.

त्या दिवशी पाण्याच्या खोलीतल्या पंपाचा आवाज बदलला होता. मला तर काही फरक कळत नव्हता, पण सर स्क्रूड्रायव्हर कानाला लावून उभे होते. मी आठही फिल्टर मशिनांना लावून तयार केले, तक्ता घेऊन त्यांच्याकडे गेले. “सर, सह्या.” त्यांनी डोळे उघडले नाहीत. “तू बघितलंयस ना?” असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी हात पुढं केला आणि आठही रकान्यांत सह्या करून टाकल्या. बाहेर येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. मला वाटलं, झाले मी पास. आता हा माणूस मला मानतो.

मी हात धुवायला गेले. तेवढ्यात खुर्ची क्रमांक तीनवर बसलेले मांडेकर काका उठले आणि पाचवर जाऊन बसले. पाचवर जाधव म्हणून टेम्पोवाले असायचे. त्यांचा मोबाइल चार्ज करायचा होता आणि प्लग तीनच्या शेजारी होता. “दादा, जरा जागा देता का? गाडीचं बोलणं चाललंय माझं,” एवढंच ते म्हणाले. काका भला माणूस, लगेच उठले. खुर्च्या बदलल्या, फिल्टर तिथंच राहिले.

मी हातमोजे चढवले आणि आले. समोर ओळखीचा हात, दोन बोटं अर्धी. मी शिरेवर बोट ठेवलं, थरथर लागली. त्या हाताला नाव काय विचारायचं? आणि आज तर आठही सह्या झालेल्या. मी सुया लावल्या आणि पंप सुरू केला. मान वर करून फिल्टरवरचं नाव मी वाचलंच नाही.

वीसेक मिनिटांनी सर पाण्याच्या खोलीतून बाहेर आले आणि नेहमीप्रमाणे एकेका खुर्चीशी थांबत आले. पाचपाशी वाकले. वाकलेलेच राहिले. मग त्यांनी हात लांब करून पंप बंद केला. ओरडले नाहीत, हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. अगदी हळू आवाजात म्हणाले, “क्लॅम्प लाव. हे रक्त परत द्यायचं नाही.”

मी फिल्टरकडे पाहिलं. माझ्याच अक्षरात, जाड मार्करनं लिहिलं होतं, ‘जाधव’. पेलाभर रक्त त्या नळ्यांत होतं, आधीच रक्त कमी असलेल्या माणसाचं, आणि ते फेकून द्यायचं होतं. नळी दाबून बंद करायचा तो चिमटा माझ्या हातून दोनदा निसटला. काकांनी विचारलं, “काय झालं वो सर?” सर म्हणाले, “फिल्टर बदलायचाय, काका. माझी चूक झाली.” जाधवांना अजून सुई लावली नव्हती, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

दुपारी डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे होतो. डॉक्टर सेंटरचे मालकही होते. ते म्हणाले, फिल्टर औषधात भिजलेला असतो, जाधवांचे आतापर्यंतचे रिपोर्ट स्वच्छ आहेत, काळजीचं कारण नाही, आणि हे बाहेर बोलायचं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. पण जाधवांची दर तीन महिन्यांनी होणारी तपासणी त्याच आठवड्यात होती. सात-आठ दिवसांनी रिपोर्ट आला. त्यांना हिपॅटायटिस सी निघाला, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ.

पुन्हा केबिन. डॉक्टर या वेळी घामेजले होते. तरी म्हणाले, “शक्यता फारच कमी आहे. समजा लागलाच, तर आता गोळ्या आहेत त्यावर. आपण मांडेकरांचं रक्त दर महिन्याला तपासू, नेहमीची तपासणी म्हणून. म्हाताऱ्याला उगाच कशाला घाबरवायचं?”

सर म्हणाले, “भीती त्यांच्या हक्काची आहे, डॉक्टर. आपण ठेवून घ्यायची नाही.”

“तुम्हाला नोकरी नकोय का?”

“नको असती तर एवढा घाबरलो नसतो.”

बाहेर आल्यावर मी सरांच्या पाया पडायचीच बाकी होते. बाबांची कंपनी तेव्हा बंद पडली होती, घर माझ्या पगारावर चाललं होतं. मी म्हटलं, “सर, डॉक्टर म्हणतात तेच करू या ना. रक्त तपासणारच आहेत. मला काढून टाकतील.” मी हे म्हटलं, लपवत नाही. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उद्या काका येतील. तू सांगायचंस.”

“मी? तुम्ही सांगा ना!”

“न बघता सही मी केली, ते मी सांगतो. सुई तू लावलीस, ते तू सांग. मी शेजारी उभा राहीन.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी थांब्यावर दोन बस सोडल्या. तिसरीत चढले तीही उतरून परत जावं असं मनात धरूनच. सेंटरवर पोचले तर सर दारातच उभे. त्या दिवशी त्यांनी भीतीची हजेरी घेतलीच नाही.

काका आले, खुर्चीत बसले, नावाबरोबर विहिरीपर्यंत सगळं सांगून झालं. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मग सरांनी त्यांच्या सहीचं सांगितलं.

“म्हंजी जाधवाचं दुखणं माज्या रगतात आलंय?”

“आलं असेलच असं नाही, काका,” मी म्हटलं. “पण सहा महिने तपासावं लागेल. सहा महिन्यांनी पक्कं कळेल.”

“सा म्हैनं.” त्यांनी मान हलवली. “त्यो बी बिचारा. मीच जागा दिली त्याला. तुमी सांगितलं हुतं, जागा बदलायची न्हाई म्हून.” आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. “आवो, पर घरात नात हाय माजी. दीड वर्साची. दिसभर माज्याच अंगाखांद्यावर असती. तिला घेऊ का नको?”

सरांनी भराभर सांगितलं. उचलून घेतल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. दाढीचं ब्लेड, नखं काढायचं यंत्र तेवढं वेगळं ठेवा, जखम झाली तर झाकून घ्या. सगळं बरोबर सांगितलं. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“ते कळलं. तुमची नात असती, तर तुमी घेतली असती का?”

एक शब्द हवा होता. हो. ते खरंही होतं, पुस्तकात तसंच लिहिलंय, डॉक्टरही तेच म्हणाले असते. मी सरांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. जो माणूस बॅटरीवर विश्वास ठेवत नाही, जनरेटरवर ठेवत नाही, तो त्या एका शब्दावर कसा ठेवणार? मीच घाईघाईनं म्हटलं, “घ्या हो काका, काही होत नाही.” पण माझ्याकडे काका बघतच नव्हते. त्यांना उत्तर मिळालं होतं.

त्या क्षणी मला सरांचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. एवढी भीती काय कामाची?

पुढचे सहा महिने कसे गेले ते विचारू नका. डॉक्टरांनी सरांचं इन्चार्जपद काढून घेतलं, पण दोघांनाही ठेवलं. या भागात टेक्निशियन मिळतात कुठं? जाधवांना वेगळं मशिन दिलं, त्यांचं औषध सुरू झालं. ते काकांसमोर यायलाही कचरायचे. काका मात्र दुसऱ्या सेंटरला गेले नाहीत. सून म्हणत होती बदला म्हणून, तर तिला म्हणाले, “हितल्यांनी सांगितलं तरी. दुसरीकडं कुणी सांगितलं असतं?” फक्त नावानंतर वाडवडील आणि विहीर सांगायचे बंद झाले. नुसतं नाव सांगायचे आणि हात पुढं करायचे. मला सुई लावायला सर देत नव्हते. काकांना ते स्वतः लावायचे, आणि त्यांच्या सुईची दुसरी सही माझ्याकडून घ्यायचे. मी वाकून, अक्षर अक्षर वाचून सही करायचे. महिन्यातून एकदा रक्त जायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत मला अन्न गोड लागायचं नाही. सर तर निम्मे झाले होते. रिपोर्ट आला की तो हातात घेऊन ते पाण्याच्या खोलीत जायचे आणि तिथं एकटेच वाचायचे.

घरी काका काय करत होते ते सुनेनं एकदा सांगितलं. ओट्यावर वेगळी गादी टाकून निजायचे. पोरगी दुडदुडत, धडपडत त्यांच्याकडे यायला लागली की काठी आडवी धरायचे आणि “न्या हिला, न्या हिला” म्हणून ओरडायचे. सुरुवातीला ती रडायची. सरांनी हे ऐकलं. त्यानंतर दोनदा मी त्यांना काकांच्या खुर्चीपाशी काहीतरी बोलायला जाताना आणि नुसताच नळ्यांना हात लावून परत येताना पाहिलं.

सहाव्या महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. सरांनी तो काकांना दिला, मीही शेजारी होते. काकांनी कागद उलटा-सुलटा केला आणि विचारलं, “म्हंजी न्हाई ना?” सर म्हणाले, “नाही. संपलं.” काकांनी डोळे पुसले. मी तर मोठ्यानं रडले, सगळे पेशंट बघत होते तरी. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला सलग झोप लागली.

दोन दिवसांनी काका परत आले. सर पाकिटातून सुया काढून ठेवत होते. मी हौसेनं विचारलं, “काय काका, नात काय म्हणते? घेतली की नाही कडेवर?”

काका हसल्यासारखं करून म्हणाले, “येत न्हाई ती आता. हात पुढं केला की आईला बिलगती. मला भ्याती.”

सरांच्या हातातली सुई हातातच राहिली. मला वाटलं, आता हे पाण्याच्या खोलीकडे जातील. ते गेले नाहीत. काकांच्या समोर, सहा महिन्यांपूर्वी मी बसले होते तसं स्टूल घेऊन बसले.

“मी घेतली असती, काका,” ते म्हणाले. “माझी नात असती तर मी घेतली असती.”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही.

“तवाच म्हनायचं ना, सर,” ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला.